दाजींचे मिलिंद महाराज

५ जानेवारी २०२५, रविवार

बास झालं! आता मी गप्प बसणार नाही.

खारघरला ताईकडे जेवायला गेले होते. दर रविवारी जाते. ताईच्या हातची आमटी, आणि आमटीनंतर दाजींचं नाणं. आमटी हवी तर नाणं सोसायचं — इतकी वर्षं असंच चाललंय.

आज नवा बकरा होता. अभिराम नावाचा. तिकडच्याच कॉलेजात इतिहास शिकवतो, दाजींच्या नाणेमित्र मंडळात नुकताच आलाय. गोड आहे. पुढच्या दोन दातांत फट. दाजींनी कपाटातून निळी मखमली डबी काढली, हात पुसले, टेबललॅम्प लावला आणि सुरू — "हा मिनँडर! ग्रीक राजा. आपल्याकडे मिलिंद म्हणतात. एकवीसशे वर्षं झाली. एका अंगाला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या अंगाला खरोष्टी लिपी. महरजस त्रतरस मेनंद्रस! म्हणजे तारणारा महाराज मिनँडर." हे शेवटचं आरतीच्या चालीवर. मग आत हाक — "प्रेमा, ये गं बघायला!" ताई बिचारी हात पुसत येते, बघते, "हो, छान," म्हणते, जाते. दर वेळी.

मी सहज म्हटलं, "दाजी, एकही राजा हसत का नाही हो नाण्यावर? सगळ्यांचे दात किडलेले होते का?"

दाजी अभिरामकडे बघून म्हणाले, "आमची मेहुणी कवळ्या बनवते. तिला जगात दातच दिसतात. नाण्यातलं तिला काय कळणार! मला डोळे बांधून हातात द्या — खरं कुठलं, खोटं कुठलं, सांगतो."

डोळे बांधून!

आणि ज्या दातांनी हे बोलले त्यातले वरचे सहा माझ्या लॅबमधले. ते नाही सांगितलं अभिरामला!

७ जानेवारी

सुचलं!

आज एका डॉक्टरांकडून आलेल्या मापाचा साचा करत होते आणि हात थांबला. एकतीस वर्षं मी करते काय? असलेल्या वस्तूचं माप घ्यायचं, साचा करायचा, धातू ओतायचा, घासून-पुसून असा द्यायचा की पेशंटच्या बायकोलाही कळू नये. मग दात काय आणि नाणं काय? नाणं उलट सोपं. त्याला चिक्की चावायची नसते.

९ जानेवारी

ताईला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं ओरडेल. उलट अशी हसायला लागली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "कर अरुणे. मी पहारा देते."

ही माझी ताई? सिग्नल लाल असेल तर रिकामा रस्तासुद्धा न ओलांडणारी?

१२ जानेवारी, रविवार

घेतलं माप!!

ताईनं बासुंदी केली होती. दाजींनी चार वाट्या हाणल्या आणि अडीच वाजता आडवे. कपाटाची चावी त्यांच्या चष्म्याच्या घरात असते, हे मला आजच कळलं. ताई बेडरूमच्या दारात वाळलेले कपडे घड्या घालत बसली — एकच चादर आठ वेळा. मी बाहेर डायनिंग टेबलवर. पर्समधून दाताच्या मापाचं रबर काढलं, मळलं, राजाला पालथा दाबला. एका बाजूला तीन मिनिटं. मग उलटा करून दुसऱ्या बाजूला तीन.

मधेच घोरणं थांबलं. आणि ताई ओरडली — "अहो, कूस बदला, किती घोरताय!" न घोरणाऱ्या माणसाला! दाजींनी मुकाट्यानं कूस बदलली आणि घोरायला लागले.

घरी येऊन बघते तर मापात बारीक बारीक टिपके. बुडबुडे. घाईत मळलं ना. चालतंय.

१५ जानेवारी

चांदी कुठली वापरायची? माझ्या बारशातला एक वाळा आईनं जपून ठेवला होता. दुसरा कधीच हरवला. एकट्या वाळ्याचं करायचं काय? घातला भट्टीत.

पहिल्या वेळी महाराजांचं नाकच आलं नाही. चांदी पोचायच्या आधी गोठली. दुसऱ्या वेळी नाक आलं, कपाळावरची पट्टी आली, मागची वीज फेकणारी अथीनादेवीसुद्धा आली — ढालीसकट. पण भलतंच लखलखीत. काल दुकानातून आणल्यासारखं.

१८ जानेवारी

नाणं जुनं कसं करायचं माहितीय? उकडलेल्या अंड्याबरोबर डब्यात बंद करायचं. तीन दिवस ठेवलं. आज उघडलं — महाराज काळेकुट्ट! वरवर पुसलं, खाचांत काळं तसंच ठेवलं. झाली एकवीसशे वर्षं. फक्त वास मारतोय. साबणानं धुतलं, तरी मारतोय. उद्यापर्यंत जाईल.

१९ जानेवारी, रविवार

बदललं. आज गुलाबजाम होते.

खरं नाणं आता माझ्या लॅबमध्ये, कापसात गुंडाळून दाढांच्या डबीत. मी डबी बंद केली ती केलीच. राजाशी नजर मिळवायला नको वाटतं.

२२ जानेवारी

दाजींना उत्तर द्यायचं तर थोडा अभ्यास पाहिजे, म्हणून वाशीच्या लायब्ररीतून पुस्तक आणलं. दोन पानं वाचणार होते, साठ वाचली. हा मिनँडर गमतीचा माणूस दिसतो! नागसेन नावाच्या भिक्षूला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं म्हणे. आणि वादात हरला तर रुसला नाही — खूश झाला! मेल्यावर त्याची राख वाटून घ्यायला गावागावांत चढाओढ. आणि त्याची नाणी भडोचच्या बाजारात दोनशे वर्षांनीसुद्धा चालत होती. खणखणीत चांदी, म्हणून.

दोन भाषा का, तेही कळलं. परक्या मुलखात दुकान टाकायचं तर पाटी तिथल्या लोकांना वाचता आली पाहिजे. ह्याला कुणी नोटीस न पाठवता कळलं होतं. आमच्या सेक्टरमधल्या दुकानदारांना सांगायला पाहिजे.

दाजी कधी वादात हरून खूश झालेत? मला तरी आठवत नाही.

२६ जानेवारी, रविवार

मेले होते आज!

सोसायटीतलं झेंडावंदन आटपून दोन शेजारी वर आले होते. दाजींनी डबी काढली. महाराजांना उचललं — आणि थांबले. तळहातावर घेतलं. हात वर-खाली केला. परत केला. माझ्या घशात जिलेबी अडकली.

"आज महाराज जड वाटतायत," दाजी म्हणाले.

मग हसले. "असणारच. प्रजासत्ताक दिनाला राजे लोक जरा जडच जातात!"

शेजारी हसले. मी सगळ्यात मोठ्यानं. मग नेहमीचं — एकवीसशे वर्षं, महरजस त्रतरस, "प्रेमा, ये गं बघायला!" ताई हात पुसत आली, बघितलं, "हो, छान." नाटकात काम करायला हवं होतं हिनं. मी डोळे पुसतेय आणि हिच्या चेहऱ्यावर एक रेघ हलत नाही.

डोळे बांधून ओळखणार होते ना दाजी? उघड्या डोळ्यांनी हातात धरून ओळखलं नाही. जिंकले! अजून एक रविवार मजा बघते, मग सांगते.

२ फेब्रुवारी, रविवार

सांगायचं राहिलं. अभिराम आधीच येऊन बसला होता, हातात निमंत्रणाचं कार्ड. सोळा तारखेला वाशीत मंडळाचं प्रदर्शन. कार्डावर दाजींच्या महाराजांचा हा एवढा फोटो — पहिल्या दिवशी मोबाइलवर काढलेला. वर, पुण्याहून डॉक्टर अबोली म्हणून कुणी तज्ज्ञ येणार, सगळ्यांसमोर नाणी तपासून माहिती देणार.

मला वाटलं दाजी नाचतील. तर म्हणाले, "नको. महाराज घराबाहेर पडत नाहीत."

आणि स्वयंपाकघरातून ताई — "नकोच ते!"

ताईचं समजलं, तिला चोरी उघडी पडायची भीती. पण दाजी? ह्या माणसानं लग्नाच्या पंगतीत लोकांना नाणं दाखवलंय!

अभिरामचं तोंड एवढंसं झालं. "सर, चारशे जणांना पाठवलं पण हो... तुम्ही अध्यक्ष आहात..." दाजी बराच वेळ कार्ड बघत बसले. मग डबी त्याच्या हातात दिली. "सांभाळून ने."

डबी गेली! माझ्या महाराजांना घेऊन गेली!

५ फेब्रुवारी

टेन्शन. घरात हसणं वेगळं आणि अख्ख्या मंडळासमोर दाजींची शोभा होणं वेगळं. अकरा वर्षं अध्यक्ष आहेत. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यावर ह्या माणसाला दुसरं काय आहे? मुलगा निशांत बंगळुरूला, महिन्यातून दोन फोन. म्हणून हे नाणेमित्र.

ताईला म्हटलं, दाजींना आत्ताच सांगून टाकते. ताई एकदम — "अजिबात नाही! शपथ आहे तुला."

"अगं, सोळा तारखेला काय होईल?"

"होईल ते होईल."

होईल ते होईल! लाल सिग्नलवाली बाई!

११ फेब्रुवारी

खरं नाणं पर्समध्ये घालून अभिरामच्या कॉलेजात जाऊन आले. म्हटलं, "जरा महाराजांना बघू दे रे." म्हणाला, "मावशी, काचेच्या पेटीत सील केलंय. आता थेट प्रदर्शनात." वर मला चहा पाजला. त्याच्या दातांतली फट बघत चहा प्यायले आणि परत आले.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिहूनच टाकते सगळं.

हॉल भरला होता. दीडशे तरी माणसं. डॉक्टर अबोली म्हणजे चष्मेवाली म्हातारी असेल वाटलं होतं. तर तिशीतली पोर, पायात स्पोर्ट्स शूज, गळ्यात भिंग. एकेक नाणं हातात घेऊन किती सोपं सांगत होती! चौकोनी नाणं दाखवलं, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला वशिंडाचा बैल. म्हणाली, "हा अपोलोडोटस. ग्रीक राजा, पण नाण्यावर स्वतःचं तोंड न टाकता आपला बैल टाकला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही. माझी पर्स घट्ट धरून बसले होते.

मग महाराज. काचेची पेटी उघडली. भिंग लावलं. छोट्या काट्यावर ठेवलं. परत भिंग.

"चांदी चांगली आहे," अबोली म्हणाली. "पण हे नाणं ठोकलेलं नाही, ओतलेलं आहे. तेव्हा नाणी दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्यानं ठोकत. हे साच्यातलं आहे. कडेला कानशीचे ओरखडेसुद्धा ताजे दिसतायत. फार तर... महिन्याभराचं असेल."

महिन्याभराचं! मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी चारजण. दाजी पहिल्या रांगेत. मान खाली नाही, वर नाही. नुसते बसलेले. त्यांचे कान मला मागून दिसत होते — लालबुंद.

मला राहवलं नाही. उभी राहिले. "मी केलंय ते! माझी लॅब आहे दातांची. मस्करी केली दाजींची. त्यांना काही माहीत नाही. खरं नाणं हे आहे!" आणि तरातरा स्टेजवर जाऊन दाढांची डबी अबोलीच्या हातात दिली. लोक हसायला लागले, टाळ्या वाजवल्या, अभिरामनं छातीवर हात ठेवला. सगळा हॉल सुटल्यासारखा झाला.

अबोली हसली नाही. भिंग लावलं. काट्यावर ठेवलं. परत भिंग. परत काटा. मग माईक बाजूला करून माझ्याशी हळूच बोलली, पण तो मेला माईक चालूच होता.

"मावशी, तुमची नक्कल निदान चांदीची आहे. हे तर जर्मन सिल्व्हर. हेही ओतीवच. असली फुटपाथवर मिळतात."

टिपके! मापातले टिपके माझ्या घाईचे नव्हते. नाण्याचेच होते, ते ओतताना राहिलेले बुडबुडे. एकतीस वर्षं ओतकाम करते मी, आणि ओतीव वस्तू हातात घेऊन मला दिसली नाही!

कुणीच हसलं नाही आता. दाजी उठले. स्टेजवर आले, दोन्ही नाणी एकाच खिशात टाकली आणि माईक घेतला. "सत्त्याण्णव साली पुण्यात घेतलं होतं. तेव्हा मी नवशिका. विकणाऱ्यानं मला गंडवलं. अकरा वर्षं तुम्हाला खोटं नाणं दाखवत आलो, तर अध्यक्ष म्हणून राहणं बरं नाही. अभिराम, आजपासून तू बघ." आणि खाली उतरून जागेवर बसले. शेवटपर्यंत बसले. प्रत्येक नाण्याला टाळ्या वाजवल्या.

मी ताईकडे बघितलं. ती वर पंख्याकडे बघत होती.

१७ फेब्रुवारी

दाजींना तीन फोन केले. उचलत नाहीत. पुण्यातल्या त्या विकणाऱ्याला शोधून काढून त्याचे सगळे दात भूल न देता उपटावेत असं वाटतंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ताई लॅबवर आली. एकटी, रिक्षानं, न कळवता. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "विकणाऱ्यानं गंडवलेलं नाही ह्यांना. मी गंडवलं."

तिचे शब्द आठवतील तसे लिहिते.

"निशांत झाला तेव्हा हे कुठे होते आठवतं तुला? पुण्याला, नाण्यांच्या लिलावाला. बावीस तास कळा देत होते मी चेंबूरच्या दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी आले ते थेट माझ्या हातात नाणं ठेवलं. बघ काय मिळालं! पोराकडे नंतर बघितलं. चौथ्या दिवशी घरी निघालो. हे टॅक्सीत पुढे, मी मागे पोराला घेऊन. खाडीपूल आला. लोक टाकतात ना पाण्यात नाणं? मी पण टाकलं."

"काय टाकलंस?"

"मिलिंद महाराज."

मी हातातली कवळी बाजूला ठेवली.

"ह्यांना सांगितलं, कपाटात ठेवलंय, सव्वा महिना कपाटाला हात लावायचा नाही, आईनं सांगितलंय. सव्वा महिना झाल्यावर पोराला शेजारी ठेवून फोर्टला गेले. हे सांगायचेच — एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला वीज फेकणारी बाई. पाच पथाऱ्या धुंडाळल्या. मिळालं. आणून डबीत ठेवलं. ह्यांना कळलंच नाही गं! सत्तावीस वर्षं!"

मला हसू यायला लागलं आणि तिला रडू. मग उलट झालं.

"मग मला नक्कल का करू दिलीस?"

"वाटलं, कधी उघडकीला आलंच तर तुझ्यावर जाईल," ताई म्हणाली. अगदी सरळ चेहऱ्यानं! माझी सख्खी बहीण!

पण नाक पुसून पुढे म्हणाली, "परवा ते स्टेजवर उभे राहिले आणि माझा दोष त्या पुण्याच्या माणसावर घातला, न कळता... घरी आल्यावर चहा मीच केला, समोर ठेवला, आणि तोंड उघडलं नाही. आता या वयात कसं सांगू? तू सांगणार नाहीस. घे शपथ."

घेतली. आईची घ्यायला लावली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी दाजी आले. कवळीची तार टोचते म्हणाले. बघितलं — टोचत नव्हती.

"तुझं नाणं सव्वीस जानेवारीलाच कळलं होतं मला," दाजी म्हणाले. "जड होतं. अंड्याचा वासही येत होता. आणि प्रेमाचं तर सत्त्याण्णव सालीच कळलं होतं, पुलावर. टॅक्सीच्या आरशात. काच खाली झाली, हात बाहेर गेला."

"मग दर रविवारी ते सगळं...?"

"ती बोलेल म्हणून. कधीतरी म्हणेल, अहो, हे ते नव्हे. मग मला माफी मागता आली असती. पोराकडे आधी बघायला हवं होतं मी. सत्तावीस वर्षं बोलावतोय. येते, बघते, छान म्हणते, जाते." मग म्हणाले, "तू तिला यातलं काही बोलायचं नाहीस. आईची शपथ घे."

घेतली.

दोघांच्या दोन शपथा, आणि आई एकच. परवा रविवार आहे. कुठली आधी मोडू?